दंड

फिजिओथेरपिस्टनी कोपरापासून वर मोजून दोन्ही दंडांवर पेनाने बारीक खूण केली. आधी उजव्या दंडाभोवती टेप गुंडाळली, मग डाव्या. "डावा दीड सेंटिमीटर कमी भरतोय," त्या म्हणाल्या. "हात वापरात नाही, म्हणून स्नायू वाळायला लागलेत. आता दुखतंय म्हणून व्यायाम सोडून चालायचं नाही." मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. आणि त्याच क्षणी आत कुणीतरी खूश होऊन म्हणालं, 'चला, एक तरी बारीक झाला.'

अशी वाक्यं मी रोजच ऐकत होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य मला बाहेरून आल्यासारखं ऐकू आलं, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तसं. माझं वय तेव्हा ४३. डावा खांदा पाच महिने धरलेला. केस विंचरता येत नव्हते, पाठीमागचा हुक लावायला नवऱ्याला हाक मारावी लागत होती, झोपेत त्या कुशीवर वळलं की कळ पार मानेपर्यंत जायची. फ्रोझन शोल्डरमध्ये खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, आकसतं, आणि हात वर जाईनासा, मागे जाईनासा होतो. चाळिशी ते साठीच्या वयात तो जास्त दिसतो, त्यातही बायकांमध्ये. बरा होतो, पण वर्ष, दोन वर्षं, कधी तीनही घेतो. हे सगळं मला माहीत होतं. मला बरं व्हायचं होतं. आणि तरीही माझ्या शरीराचा एक भाग खंगतोय हे ऐकून मला आनंद झाला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. कळ होतीच, पण खरी भीती त्या आनंदाची वाटत होती.

दंड या शब्दाचे मराठीत अवयव आणि शिक्षा असे दोन अर्थ आहेत. मी जवळजवळ पंचवीस वर्षं ते एकच असल्यासारखी जगले. हा एक अवयव आहे आणि तो असल्याबद्दल सतत काहीतरी भरावं लागतं, असा माझा हिशेब. कितीही उकडो, बाह्या मनगटापर्यंत. फोटो काढायची वेळ आली की मी कुणाच्या तरी मागे, नाहीतर कडेला. उभं राहायचं तर हात अंगापासून दोन बोटं लांब धरायचा, कारण अंगाला टेकला की दंड पसरतो आणि रुंद दिसतो. पोहायला शिकायचं होतं, राहून गेलं. एकदा सभेत फळ्यावर वरच्या बाजूला लिहायची वेळ आली, तेव्हा मी दुसऱ्याच्या हातात खडू दिला आणि माझी मांडणी त्याच्या तोंडून ऐकली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं. पाऊस पडतो तशी ही वाक्यं पडत होती आणि मी छत्री घेऊन चालत होते.

फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशीच खरं तर एक गोष्ट घडली होती. बाही वर करायला सांगितल्यावर मी म्हणाले होते, "सॉरी हं, माझे दंड जरा..." त्या बाईंनी हात थांबवून विचारलं होतं, "जरा काय?" त्यांना खरोखर कळलं नव्हतं. त्या माझ्या खांद्याचं मागचं पातं कसं सरकतंय ते बघत होत्या. मी "काही नाही" म्हणून विषय सोडला. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. जरा काय?

टेपच्या त्या प्रसंगानंतर आठवड्याभराने मी त्यांनाच समुपदेशकाचं नाव विचारलं.

पहिल्या भेटीत माझी अपेक्षा होती की मॅडम दंडांबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं भलतंच. दिवसाचा किती वेळ या विचारांत जातो? जेवण टाळता का, खाल्लेलं उलटून काढता का? वजन कमी करायच्या गोळ्या वगैरे? आरशात तपासल्याशिवाय घराबाहेर पडता येतं का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? जगणं नको वाटतं का? एकेक प्रश्न शांतपणे, उत्तराची वाट बघत. मागाहून त्यांनी सांगितलं की हे आधी विचारणं भाग असतं. खाण्याचे विकार असतात, आणि शरीरातल्या एखाद्या, बहुतेकदा दुसऱ्याला दिसतही नसलेल्या व्यंगाने माणसाला पुरतं घेरून टाकणारा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचाही आजार असतो. शंभरात दोनेक जणांना तो असतो, पुरुषांनाही होतो, आणि तिथे नुसत्या गप्पा पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. दिवसातले तास तास यात जात असतील, खाणंपिणं बिघडलं असेल, तर कुणीही मी पुढे सांगते आहे त्या वहीबिहीच्या नादी न लागता आधी तिकडे जावं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. माझं तसं नव्हतं, म्हणून पुढचं सगळं मला लागू पडलं.

वेळाबद्दल मी उत्तर दिलं होतं, "पाच मिनिटं जात असतील."

मॅडमनी एक वही करायला सांगितली. पानावर चार रकाने. कधी आणि कुठे, नेमके शब्द, त्याआधी काय चाललं होतं, आणि नंतर मी काय केलं. अट एकच. "वाद घालायचा नाही, खोडायचं नाही, बरं वाक्य करून लिहायचं नाही. आतून जसं आलं तसंच उतरवायचं. दोन आठवडे फक्त एवढंच."

मला हे फार हलकं काम वाटलं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सत्तावीस नोंदी झाल्या होत्या.

ती पहिली पानं अजून माझ्याकडे आहेत. सकाळी, लिफ्ट: 'बघ.' सकाळी, लिफ्ट, दोन मजले खाली: 'झाक.' दुपारी, हात धुताना: 'हे काय हे.' दुपारी, मीटिंगमध्ये शेजारची बाई बाह्या सरसावताना: 'तिचे बघ आणि तुझे बघ.' संध्याकाळी, जिना: 'हलतंय सगळं.' रात्री, कपडे बदलताना काहीच शब्द नाहीत, नुसतं 'शी'. ते 'शी' लिहावं की नाही यावर मी जरा वेळ थांबले आणि मग लिहिलं.

कागदावर आल्यावर ही वाक्यं वेगळीच दिसायला लागली. डोक्यात असताना मला ते माझं मत वाटायचं, सगळा विचार करून झालेलं, निकाल लागलेलं. कागदावर बघितलं तर त्यात मत नावाचं काही नव्हतंच. अर्धीमुर्धी वाक्यं. हुकूम. आणि प्रत्येक वाक्य 'तू'ला उद्देशून. 'मला माझे दंड आवडत नाहीत' असं सत्तावीस नोंदींत एकदाही नव्हतं. कुणीतरी कुणालातरी बोलत होतं, आणि मी इतकी वर्षं दोघींच्या जागी एकटीच उभी होते.

आरन बेक हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करत होते. रुग्ण मोठ्याने जे बोलत त्याच्या खालून आणखी एक प्रवाह वाहतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तुटक, वेगाने येणारी, न बोलावता येणारी आणि विनातपासणी खरी मानली जाणारी वाक्यं. त्यांनी त्यांना 'आपोआप येणारे विचार' म्हटलं, आणि त्यातून पुढे विचार तपासण्याची उपचारपद्धती उभी राहिली. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला त्यातला 'आपोआप' हा शब्द फार उपयोगी पडला. आपोआप आलेलं काही मी ठरवलेलं नसतं. पापणी लवते तसं ते होतं.

मग ते ठरवलं कुणी? दुसऱ्या आठवड्यात एक नोंद आली: 'पैलवान.' नुसता एक शब्द. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली पिशवी उजव्या हाताने काढताना आलेला. तो लिहिताना मला आवाजही ऐकू आला, आणि तो माझा नव्हता. मी नऊदहा वर्षांची असताना नात्यातल्या एक बाई माझा दंड दोन बोटांत धरून म्हणायच्या, "काय गं, पैलवान व्हायचंय का?" सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, कारण सगळे हसत होते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेला एक विचार आहे. लहान मूल आधी दुसऱ्यांशी बोलतं, मग स्वतःशी मोठ्याने बोलतं, आणि हळूहळू तेच बोलणं आत जातं, निःशब्द होतं. आपलं मनातलं बोलणं हे एकेकाळचं बाहेरचं बोलणं असतं. मूल खेळताना 'असं नाही, असं कर' म्हणत असतं तेव्हा तो मोठ्या माणसांचा सूर असतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. मला कधी सुचलं नव्हतं की तो सूर शरीराबद्दलही तसाच आत जाऊन बसतो, शब्दांसकट, बोटांच्या चिमट्यासकट.

त्या बाईंवर मी काही दिवस खूप चिडले होते. मग एकदा जुने फोटो बघताना दिसलं की त्यांच्या एकाही फोटोत त्यांचे दंड दिसत नाहीत. प्रत्येक फोटोत अंगावर काहीतरी ओढून घेतलेलं. राग गेला असं नाही, पण त्याला टेकायला जागा उरली नाही. त्यांना ते कुणी दिलं होतं? आणि आमच्या घराबाहेर, सगळीकडे, हे कोण पेरत असतं? फिजी बेटांवरचा एक अभ्यास मी त्या काळात वाचला. तिथे भरल्या अंगाचं कौतुक असायचं. एका भागात १९९५ साली टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधिकेने तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ साली पुन्हा त्याच वयाच्या मुलींची. खाण्याबद्दलच्या बिघडलेल्या वृत्तीचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलेलं होतं. तीन वर्षांत. तिथल्या मुलींचे दंड तीन वर्षांत बदलले नव्हते, बदललं होतं ते समोरचं चित्र.

वहीतल्या तिसऱ्या रकान्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण माझ्यापुरतं सगळं तिथे उलगडलं.

'त्याआधी काय चाललं होतं' हा रकाना मी सुरुवातीला कंटाळत भरत होते. आरसा, लिफ्ट, कपडे, असंच असणार ना. पण दोन आठवड्यांनी मॅडमनी माझ्याकडून नोंदींची वर्गवारी करून घेतली, तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदींच्या आधी आरसा नव्हताच. दुसरंच काही होतं. माझ्या ईमेलला दोन दिवस उत्तर आलं नव्हतं. मुलाने फोन मध्येच ठेवला होता. मीटिंगमध्ये मी बोलत असताना कुणीतरी माझं वाक्य तोडून स्वतःचं सुरू केलं होतं. आईच्या तब्येतीचा रिपोर्ट यायचा होता. आणि या प्रत्येकानंतर, कधी मिनिटभराने तर कधी लगेच: 'दंड बघ.'

एक नोंद इथे जशीच्या तशी देते. 'दुपारी सव्वातीन. शब्द: अशी दिसतेस म्हणून. आधी काय: माझ्या कामाचा उल्लेख करताना माझं नाव घेतलं गेलं नाही. नंतर काय केलं: शाल घेतली.'

'अशी दिसतेस म्हणून.' म्हणून काय? नाव न घेण्याचा आणि दंडांचा संबंध काय? पण बिल मात्र फाडलं गेलं होतं, आणि ते नेहमीसारखं दंडांच्या नावावर. मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं, राग आला होता, आणि राग मला येत नाही असं मी आयुष्यभर धरून चालले होते. राग आला तर कुणाशी तरी बोलावं लागतं. दंडांची लाज वाटली तर शाल पुरते. वीसपंचवीस वर्षं एकाकीपणा, चिंता, राग, थकवा या सगळ्यांची बिलं मी या दोन अवयवांवर फाडत आले होते, आणि म्हणून त्यांच्याबद्दल काहीही केलं तरी उधारी संपत नव्हती. मध्यंतरी एकदा मी सात किलो वजन उतरवलं होतं. त्या काळातही वाक्यं तीच होती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असं आता वाटतं, पण वहीशिवाय कसं कळणार?

त्या दिवशी मॅडमच्या समोर मी खूप रडले. त्यांनी घाई केली नाही. शेवटी विचारलं, "नाव घेतलं नाही, त्याबद्दल कुणाशी बोलणार आहात का?" मी बोलले. दुसऱ्या दिवशी, दोन वाक्यांत, थरथरत्या आवाजात. जगबुडी झाली नाही. त्या दुपारी वहीत एकही नोंद नव्हती.

चौथा रकाना हातांचा होता. नंतर काय केलं? बहुतेक ठिकाणी एकच: चिमटा. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं डाव्या दंडाच्या मागच्या मऊ भागावर जायची आणि किती धरलं जातंय ते मोजायची. दिवसातून पंधरा वीस वेळा, आणि बहुतेक वेळा माझ्या नकळत. मी हे तपासणं समजत होते. मॅडम म्हणाल्या, तपासणं मन शांत करायला सुरू होतं आणि मनाला तिथेच खिळवून ठेवतं. जितकं बघाल तितकं ते मोठं होत जाईल. तीच ती दोन बोटं. ती त्या बाईंची होती आणि मी त्यांना माझा हात उसना दिला होता. वेळाचा हिशेबही इथेच चुकला. पाच मिनिटं मी म्हणाले होते, पण नोंदी, चिमटे, शाली, कपडे बदलणं, फोटोतून बाजूला सरकणं असं सगळं धरलं तर दिवसाकाठी पाऊण तास तरी भरत होता.

इथपर्यंत समजणं झालं. समजलं की सुटतं असं मला वाटत होतं, आणि ते चूक होतं.

मी आधी स्वतःच्या मनाने एक उपाय केला. आरशासमोर उभं राहून म्हणायचं, 'माझे दंड सुंदर आहेत.' सगळीकडे हेच सांगतात. तीन दिवसांत माझी अवस्था आणखी वाईट झाली. मी एकदा म्हणायचे आणि आतून चार उत्तरं यायची. मॅडमना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. कॅनडातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९चा प्रयोग त्यांनी सांगितला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं, आणि ज्यांना कमीपणा वाटत होता त्यांना म्हटल्यावर जास्तच वाईट वाटलं. ज्यावर विश्वास नाही ते वाक्य जोरात म्हटलं की मन त्याच्या विरोधातले पुरावे गोळा करतं. 'सकारात्मक विचार करा' असं येताजाता सांगणाऱ्या सगळ्यांना मी हे सांगू इच्छिते. ज्याला गरज आहे त्यालाच तो सल्ला बोचतो.

त्याऐवजी मॅडमनी एक साधी सुरुवात जोडायला दिली. वाक्य आलं की त्याच्या आधी जोडायचं, 'माझ्या मनात असं वाक्य आलं की.' 'माझ्या मनात असं वाक्य आलं की हलतंय सगळं.' वाद नाही, खोडणं नाही. मला हे पोरकट वाटलं होतं. पण काही दिवसांनी वाक्य आणि मी यांच्यात एक फट पडायला लागली. फार नाही, दार किलकिलं व्हावं तेवढी.

सगळ्यात कठीण गेलं ते आरशाचं काम. दहा मिनिटं, दोन्ही दंड उघडे, आणि मोठ्याने वर्णन करायचं. वर्णनात चांगलं, वाईट, जाड, बारीक, बरं, घाण यांतला एकही शब्द चालणार नाही. पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी पंचवीस वर्षं ज्याच्यावर नजर ठेवून होते ते मला वर्णन करता येत नव्हतं! मग सुरू झालं. डाव्या दंडावर लहानपणच्या लशीचा वण आहे, गोल, कडेला बारीक चुण्या, मध्ये त्वचा कागदासारखी पातळ. बाहीच्या खालची त्वचा हाताच्या पंजापेक्षा फिकी. कोपराच्या वर दोन आडव्या रेषा. मागच्या बाजूला बारीक पुळ्यांसारखा खरबरीतपणा. एक तीळ, तो मला माहीतच नव्हता. हात उचलला की वरून खांद्याकडे एक फुगवटा येतो आणि डाव्या बाजूला तो उजवीपेक्षा कमी येतो. हे शेवटचं म्हणताना माझा आवाज बदलला. तो फुगवटा कमी येतोय ही वाईट गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. टेपवरच्या त्या दीड सेंटिमीटरचं दुःख मला तेव्हा, तीन महिने उशिराने झालं.

मग अर्ध्या बाह्या. मॅडमनी आधी भाकीत लिहायला लावलं. मी लिहिलं, 'निदान चार जण बघतील, एक जण काहीतरी बोलेल, मला दिवसभर काम सुचणार नाही.' आणि गेले. कुणी बोललं नाही. एका सहकाऱ्याने विचारलं, खांदा आता कसा आहे? पण आतल्या वाक्यांना याने फरक पडला नाही, कारण त्यांचं उत्तर तयार होतं: 'तोंडावर कोण बोलेल? पण बघत होते.' आणि मला खरंच बघत असल्यासारखे वाटत होते.

यावर मॅडमनी मला क्लेक आणि स्ट्रेंटा यांचा १९८०चा प्रयोग सांगितला. तो ऐकल्यापासून मी कितीतरी जणींना सांगितला आहे. काही बायकांच्या चेहऱ्यावर रंगांनी मोठा व्रण रंगवला, आरशात त्यांना दाखवला, आणि अनोळखी माणसाशी बोलायला पाठवायचं ठरवलं. जाण्याआधी 'व्रण तडकू नये म्हणून' असं सांगून चेहऱ्यावर क्रीम लावलं, आणि त्यात तो व्रण पुसून टाकला. त्यांना ते माहीत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरचा अवघडला होता, त्याची नजर विचित्र होती. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. नजर कुणाचीही कशीही फिरते, पण व्रण आहे हे माहीत असल्यावर प्रत्येक नजरेला एकच अर्थ चिकटतो. मी पंचवीस वर्षं कुठल्या नजरा वाचल्या असतील, याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार करत बसले.

मैत्रिणीची गोष्ट राहिली. आम्ही दोघी भेटलो की पहिली दहा मिनिटं ठरलेली. ती म्हणणार, "किती सुटलेय बघ मी." मी म्हणणार, "छे गं, तू काय, मला बघ." अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलींचं असं बोलणं ऐकून मिमी निक्टर या संशोधिकेने १९९०च्या दशकात त्याला 'फॅट टॉक' असं नाव दिलं होतं, जवळीक दाखवायची ती एक रीतच असते. एकमेकींना धीर देतोय असं आम्हाला वाटायचं. एकदा तिने सुरू केल्यावर मी म्हणाले, "अगं, आपण आज हे नको करूया. मला त्रास होतो." ती गप्प झाली. मला वाटलं दुखावली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग बोलायचं काय?" आणि मग तिने जे सांगितलं ते तिच्या घरातलं होतं, दोन वर्षं दाबून ठेवलेलं. ते मी इथे लिहिणार नाही. पण तिची बिलंही कुठे फाटत होती ते आम्हाला दोघींनाही त्या संध्याकाळी दिसलं.

हे सगळं सरळ वर चढत गेलं असं कुणी समजू नये. सातव्या महिन्यात कुणीतरी माझा पाठमोरा फोटो पाठवला आणि मी तो बोटांनी मोठा करून करून पाहिला, रात्री एक वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्या, तिसऱ्या दिवशीही. वही काढावीशी वाटेना. चौथ्या दिवशी काढली आणि तिसरा रकाना भरताना लक्षात आलं की त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हा मी स्वतःला नावाने हाक मारली. तिथपर्यंत मी ते शिकले होते. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं होतं की तणावात माणूस 'मी' न म्हणता स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलला तर त्याला जरा अंतरावरून बघता येतं. मी नाव घेऊन विचारलं, आईची काळजी वाटते आहे का गं तुला? हो, म्हणाले. आतला आवाज 'तू' म्हणतो यात वाईट काही नाही, हे मला तेव्हा कळलं. कोण म्हणतंय आणि कशासाठी, एवढंच बघायचं.

वाक्यं अजून येतात. दिवसाला दोनचार. काही दिवस एकही नाही.

खांद्याचा व्यायामही चालूच आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत न्यायची, कळ येईल तिथे थांबायचं, दहा आकडे मोजायचे, पेन्सिलीने रेघ मारायची. पहिली रेघ माझ्या हनुवटीच्या उंचीवर आहे. तिच्यावर दर आठवड्याला एकेक, काही ठिकाणी दोन आठवडे एकाच जागी. बरेच महिने त्या रेघा दिव्याच्या बटणाच्या खालीच अडकल्या होत्या.

परवा सकाळी रात्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांतच व्यायामाला उभी राहिले. बोटं बटणाच्या पुढे गेली तेव्हा बाही घसरत खांद्यापर्यंत आली, दंड सगळा उघडा पडला, आणि आतून नेहमीचा शब्द आला.

'बघ.'

मी बघितलं. बटण चार बोटं खाली राहिलं होतं. मी दहा मोजले आणि उजव्या हाताने पेन्सिल शोधली.